पावसाळा उतरल्यानंतरची वादळे

गोव्यात पावसाळ्याची तयारी कोणाला शिकवावी लागत नाही. मे महिना लागला की सुके मासे, मीठ, मिरची आणि तांदूळ यांचा पुरुमेंत भरला जातो, कौले चाळून घेतली जातात, पाडेलीला बोलावून माडांवरचे सुके झाप आणि नारळ उतरवले जातात, वीज खाते तारांवर आलेल्या फांद्या छाटते, शॅकवाले, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खानावळींचे मालक, ३१ मेपर्यंत आपले बांबू उचलतात आणि १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ट्रॉलर जेटीला बांधून राहतात. त्यामुळे जूनमध्ये वारा कितीही सुटला तरी त्याच्या तावडीत सापडेल असे उघड्यावर फारसे काही उरलेले नसते. ऑक्टोबरात मात्र हाच सगळा बंदोबस्त आपण आपल्या हातांनी सोडतो. बाल्कांवपुढचे, म्हणजे घरापुढच्या ओट्यावरचे, प्लास्टिक निघते, शॅक पुन्हा उभे राहतात, होड्या दूरवर जातात, सरद, म्हणजे पावसाळी, भात कापणीला येते आणि देवळांच्या जत्रांसाठी मोकळ्या अंगणात मांडव पडू लागतात. हिवाळ्याच्या तोंडावर येणारे वादळ आपल्याला जड जाते ते मुख्यतः या वेळेमुळे. त्याचा जोर पुष्कळदा जूनमधल्या एखाद्या झडीहून अधिक नसतोही.

अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम आहेत, एक मे-जूनचा आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबरचा. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर असले म्हणजे वादळाला लागणारी उष्णता आणि बाष्प मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये खालच्या आणि वरच्या थरांतील वारे इतक्या वेगवेगळ्या दिशांनी वाहत असतात की उभे राहू पाहणारे वादळ बहुधा विस्कटून जाते. मॉन्सून परतल्यावर हा विरोध सैल होतो आणि पाणी मात्र अजून उबदारच असते. कधी बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा दक्षिण भारत ओलांडून अलीकडे येतो आणि इथे पुन्हा जोर धरतो. यातली बरीच वादळे ओमान-येमेनच्या दिशेने निघून जातात, काही उत्तरेकडे वळून गुजरात-महाराष्ट्राकडे सरकतात आणि गोव्याला बहुधा त्यांचा पदर लागतो. पदरच लागतो म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि माझा आक्षेप नेमका या निर्धास्तपणाला आहे.

डिसेंबर २०१७ मधले ओखी आठवावे. हे वादळ ३० नोव्हेंबरला कन्याकुमारीजवळ चक्रीवादळ झाले, लक्षद्वीपवरून पुढे सरकले आणि ५-६ डिसेंबरच्या सुमारास गुजरातजवळ पोहोचेपर्यंत विरून गेले. गोव्यापासून ते बरेच दूर होते. इथे झाडे पडण्याजोगा वारा नव्हता, आकाशही फारसे भेसूर नव्हते. तरीही ३ डिसेंबरच्या आसपास उत्तर गोव्याच्या किनाऱ्यांवर पाणी शॅकमध्ये शिरले, पलंग, टेबले आणि फ्रीज भिजले, वाळू वाहून गेली. ३ डिसेंबर म्हणजे जुन्या गोव्यातील सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताचा (सणाचा) दिवस, आणि त्या वर्षी त्याच दिवशी पौर्णिमा होती, तीही चंद्र पृथ्वीच्या जवळ असतानाची. दूरच्या वादळाने उठवलेल्या लांब लाटा आणि पौर्णिमेचे उधाण एकमेकांवर चढले. अशा लाटा शेकडो किलोमीटर प्रवास करून येतात, म्हणून किनाऱ्यावर वारा पडलेला असतानाही त्या आत घुसू शकतात. तेव्हा किनाऱ्यावर धंदा असलेल्या माणसाने वादळाचा नकाशा पाहताना शेजारी भरती-ओहोटीचे कोष्टक उघडे ठेवले पाहिजे. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचे उंच लाटांचे इशारे नेमके यासाठी असतात, पण वाऱ्याचा आकडा पाहून माणसे ते वाचायचे सोडून देतात.

२०१९ ची गोष्ट वेगळी आणि शेतीच्या दृष्टीने अधिक जाचक होती. २४ ऑक्टोबरला रत्नागिरीच्या पश्चिमेला कमी दाबाचे क्षेत्र तीव्र झाले, दुसऱ्या दिवशी त्याचे क्यार हे चक्रीवादळ झाले आणि २७ तारखेला, नरकचतुर्दशीच्या दिवशी, ते महाचक्रीवादळाच्या पायरीवर पोहोचले. २००७ च्या गोनूनंतर अरबी समुद्रात इतके तीव्र वादळ झाले नव्हते. तोवर ते आपल्यापासून दूर पश्चिमेला गेले होते, पण उभे राहत असतानाच त्याने गोव्यावर भरपूर पाऊस ओतला होता. नाफ्ता हे ज्वालाग्राही तेल भरलेले एक निर्मनुष्य जहाज त्याच खवळलेल्या समुद्रात भरकटून दोनापावलाजवळच्या खडकांत येऊन अडकले. गावोगावच्या पोरांनी केलेले नरकासुराचे पुतळे दहनाआधीच भिजून लोळागोळा झाले, ही त्यातली हसण्यासारखी हानी. भाताची हानी हसण्यासारखी नव्हती. पिकलेले भात आडवे झाले, पाण्यात पडलेल्या लोंब्यांना कोंब फुटले आणि जमीन इतकी ओली राहिली की कापणीचे यंत्र मळ्यात उतरवता येईना. क्यार ओमानच्या रोखाने जातो न जातो तोच महिनाअखेरीस माहा हे दुसरे चक्रीवादळ उभे राहिले आणि अरबी समुद्रात एकाच वेळी दोन वादळे फिरू लागली.

भाताच्या बाबतीत शेतकऱ्याच्या हाती फार थोडे असते, हे कबूल करावे लागते. तयार झालेले भात इशारा मिळताच कापावे असे सांगणे सोपे आहे. यंत्र भाड्याने येते, ते एका वेळी एकाच मळ्यात जाते आणि इशारा सगळ्यांना एकदमच मिळतो. म्हणून गावातल्या शेतकऱ्यांनी यंत्राचा क्रम आणि भात वाळवायची झाकलेली जागा यांचा निर्णय दसऱ्याच्या आसपासच करून ठेवावा असे मला वाटते. शाळेची पडवी, देवळाचा सभामंडप, पंचायतीचे सभागृह, काहीही चालते. ओले भात ताडपत्रीखाली ढीग करून ठेवले तर ते आतून तापते आणि नासते. खाजन शेतीत, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या खाडीकाठच्या शेतीत, याहून मोठी काळजी बांधाची आणि मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांची. मानशीची दारे ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडतात आणि भरतीला मिटून खारे पाणी अडवतात. फळ्या कुजलेल्या असल्या किंवा खेकड्यांनी बांध पोखरलेला असला तर साध्या उधाणालाही खारे पाणी आत येते, मग वादळी उधाणाचे काय विचारावे. वातावरणाचा दाब एका हेक्टोपास्कलने उतरला की समुद्राची पातळी सुमारे एका सेंटिमीटरने चढते आणि त्यावर वाऱ्याने ढकललेले पाणी येते. कोरगुटसारखे खाजनातले भात खारटपणा बऱ्यापैकी सोसते, पण बांध फुटल्यावर शेतात साचून राहणारे पाणी तेही सोसत नाही. गळती भाद्रपदात दिसली तर तेव्हाच चिखल-चिऱ्यांनी बुजवावी. नंतर ते काम नुसते महाग पडते.

घराच्या तयारीत मी सर्वांत आधी पत्र्यांकडे पाहतो. जुनी कौलारू घरे वाऱ्यात चार-दोन कौले गमावतात, पण हल्ली गच्चीवर गळती थांबवायला जे पत्र्यांचे छप्पर घालतात, त्याच्या खालून वारा शिरला की पत्रा उचलला जातो आणि शेजाऱ्याच्या अंगणात किंवा विजेच्या तारांवर जाऊन पडतो. पत्रे धरून ठेवणारे, पावसाळाभर गंजलेले जे-बोल्ट (आकड्यासारखे वाकवलेले बोल्ट) दिवाळीच्या साफसफाईतच बदलून घ्यावेत. तारांवर चढलेल्या वेली हा दुसरा मुद्दा. मेमध्ये छाटलेली फांदी चार महिन्यांच्या पावसात पुन्हा तारेपर्यंत पोहोचलेली असते, पण ऑक्टोबरात ती कोणी छाटत नाही. माझ्या मते ही छाटणी वर्षातून दोनदा व्हायला हवी. मे २०२१ मध्ये तौक्ते गोव्याजवळून गेले तेव्हा झाडे आणि खांब पडून कित्येक गाव अंधारात राहिले आणि त्यातून एक गोष्ट ध्यानात आली, ती म्हणजे विहीर दारात असूनही वीज नसेल तर पंप चालत नाही आणि पाणी मिळत नाही. रहाट तर बहुतेक विहिरींवरून केव्हाच गेले. एक मजबूत दोर आणि कळशी घरात असणे आणि इशारा येताच न्हाणीतले भाण (पाण्याचे मोठे भांडे) भरून ठेवणे हे इन्व्हर्टरइतकेच महत्त्वाचे आहे. मोबाइलचे मनोरे बॅटरीवर काही तासच चालतात, म्हणून बॅटरीवरचा साधा रेडिओही जवळ असावा.

इशारे समजून घेण्यात थोडी शिस्त लागते. हवामान खात्याच्या लेखी वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाल्यावरच वादळाला नाव मिळते. त्याखालचे, ३१ ते ६१ किलोमीटरचे, निनावी प्रकरणही मांडव पाडायला पुरेसे असते. जत्रेच्या नाटकासाठी उभारलेला रंगमंच, त्यावरचे पडदे, दिवे आणि उघड्या वायरी यांचा विचार उत्सव समित्यांनी या आकड्यांवरून करावा, नाव पडण्याची वाट पाहू नये. प्रयोग सभामंडपात हलवला तर प्रेक्षक कमी मावतात एवढेच. मुरगाव बंदरात तीन नंबरचा बावटा लागला की बंदरावर जोराचे वारे अपेक्षित असतात. पावसाळ्यात तो इतका नेहमीचा होतो की लोक त्याकडे पाहत नाहीत, पण नोव्हेंबरात तोच बावटा ट्रॉलर बाहेर असताना लागतो. ओखीच्या वेळी दूरच्या राज्यांतल्या कितीतरी होड्या देवगडला आसऱ्याला आल्या, कारण खोल समुद्रात त्यांना परतायचा निरोपच वेळेवर पोहोचला नव्हता. तेव्हा तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, निघताना कोणत्या बंदरात शिरता येईल ते ठरवून निघावे. शापोरा नदीच्या मुखाशी रेतीचा उंचवटा आहे आणि खवळलेल्या समुद्रात तो ओलांडणे बाहेर थांबण्यापेक्षा धोक्याचे ठरू शकते. अडचणीत तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे, जमिनीवर ११२ आणि वीज तुटल्यास १९१२.

वादळ गेल्यावरचे काम कागदाचे असते. आडव्या झालेल्या भाताचे छायाचित्र मळ्यात हात घालण्यापूर्वी काढावे, विभागीय कृषी कार्यालयात लगेच कळवावे आणि शेतकरी आधार निधीचा अर्ज करावा. त्यासाठी एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा कागद, हाताशी लागतो, आणि पुष्कळ कुळांचे नाव त्या उताऱ्यावर अजून चढलेले नसते. कसणारा एक आणि उताऱ्यावर दुसरा असला की भरपाई अडकते. हे काम पाऊस पडत असताना होत नाही. ज्यांचे प्रकरण मामलेदाराकडे पडून आहे त्यांनी ते ऑक्टोबरपूर्वी हलवून घ्यावे आणि तोवर भाटकाराची (जमीनमालकाची) लेखी संमती घेऊन ठेवावी.