लोड नाही, मग मोटर गरम का?

"दाजी, रिपोर्टात व्हायरस सापडत नाही म्हणता. मग सत्तेचाळिसाव्या वर्षी अटॅक कसा आला?"

मेहुण्यानं हे आतापर्यंत पाचदा विचारलंय. एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथल्या बाकावर शेजारी बसणारेही विचारतात, पण ते घाबरून. मेहुण्याला संशय असतो की मी गोळ्या चुकवल्या. नाही चुकवल्या. २००६ पासून मोजून चार वेळा राहिल्या, तारखा सांगतो हवं तर. एचआयव्ही कसा झाला हे इथं लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

माझा धंदा मोटर रिवाइंडिंगचा. इचलकरंजीत लूम आहेत तोवर मोटरी जळणार आणि मी जेवणार. गिऱ्हाईक म्हणतं, लोड काही नाही, तरी गरम होतीय. मी बेरिंग बघतो, कॉइल आतल्या आत कुठं शॉर्ट आहे का बघतो. आणि हाच मी स्वतःच्या व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातला विषाणू मोजायच्या कागदावर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' वाचून घरी पेढे नेले होते.

अटॅकनंतर सेंटरच्या डॉक्टरांनी जुन्या केसपेपरच्या पाठीवर काढून दाखवलं. आपल्या गोळ्या विषाणूला नव्या पेशीत ठाण मांडू देत नाहीत. पण जो आधीच पेशीच्या डीएनएत जाऊन बसलाय, त्याचं तोंड त्यांना बंद करता येत नाही. त्यातले बहुतेक मोडके, पुन्हा विषाणू बनवायच्या लायकीचे नसलेले. तरी काही जण आरएनएचे तुकडे काढत राहतात. मॅक्रोफेज नावाच्या, जंतू गिळणाऱ्या पेशीत असे तुकडे निघाले की ती पेशी इंटरफेरॉन हा धोक्याचा इशारा सोडून बोंब ठोकते, हे प्रयोगशाळेत दिसलंय. दुसरं भोक आतड्यात. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातल्या सीडी फोर, म्हणजे एचआयव्ही ज्यांना मारतो त्या बचावाच्या पेशींचा फडशा पडतो. पुढं रक्तातला सीडी फोर कितीही वाढो, ते अस्तर पहिल्यासारखं होत नाही. जंतूंचे तुकडे तिथून रक्तात झिरपतात, रक्तातल्या मोनोसाइट या बचावाच्या पेशी कायम चवताळलेल्या राहतात, दाह वाढवणारं इंटरल्यूकिन-६ वाढतं, रक्त गोठायला टपलेलं असतं, धमनीच्या आतल्या भिंतीला दाह. लोड शून्य, आणि आत हे.

आफ्रिकेत सूटी मँगाबे म्हणून माकडं आहेत. त्यांच्या रक्तात एचआयव्हीचा भाऊबंद भरपूर असतो, पण त्यांचं शरीर सुरुवातीची आग आवरतं आणि ती सहसा आजारी पडत नाहीत. मला त्या माकडांचा हेवा वाटतो.

ती रात्र ऑगस्ट २०२२ ची. पाऊस होता. मुलगा सोळाचा, लायसन नाही, तरी त्यानंच गाडी काढली. मी मधे, मागून बायकोनं धरलेलं. कॅज्युअल्टीत ईसीजी निघाला. डॉक्टर म्हणाले, "आधीच्या काही गोळ्या चालू आहेत?"

मी म्हणालो, "अ‍ॅसिडिटीची."

मुलगा माझ्या चपला हातात धरून पायाशी उभा. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "आणखी काही? नक्की? औषधं एकमेकांत अडकतात." छातीवर कुणी खलबत्ता ठेवल्यासारखं होत होतं आणि मी मान हलवून नाही म्हणत होतो. मरण चालेल, पण हा पोरगा इथं नको, एवढंच डोक्यात होतं.

बायकोनं पर्समधून डबी काढून टेबलावर ठेवली. लेबल खरवडलेली डबी. मुलाला आम्ही व्हिटॅमिन म्हणून सांगितलेलं. आणि ती माझी नव्हती, तिची स्वतःची होती. म्हणाली, "एचआयव्हीच्या आहेत. दोघं घेतो. सोळा वर्षं."

सिस्टरनं हातमोज्यांवर दुसरे हातमोजे चढवले. मुलानं चपला खाली ठेवल्या, अगदी जोडीनं, आणि म्हणाला, "मी काउंटरला पैसे भरून येतो."

तिसऱ्या दिवशी त्यानं एकच विचारलं, "पप्पा, माझी टेस्ट झालीय का?" झालेली होती, दीड वर्षाचा असताना. निगेटिव्ह. हे सांगताना माझा आवाज फुटेना.

तर मेहुण्या, अटॅक दाहामुळं आला का? सांगता येत नाही. पंचवीस वर्षं तंबाखू खाल्ली. वडील बावन्नाव्या वर्षी हार्टनंच गेले. सुरुवातीला स्टॅव्हुडिन हे एचआयव्हीचं जुनं औषध होतं, त्यानं गाल बसवले आणि चरबीचा हिशोब बिघडवला. डॉक्टर म्हणतात, कुणाचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही. दाह हा शब्द मला एवढा का आवडला ते कळतंय. त्यात माझी चूक नाही.

पण तो नुसता बहाणाही नाही. भारतासह बारा देशांत एचआयव्ही असलेल्या ७,७६९ जणांवर अभ्यास झाला. हार्टचा धोका फार नाही असं ज्यांना सांगितलं गेलं असतं, असे लोक. निम्म्यांना रोज पिटाव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध दिलं, त्यांच्यात अटॅक-लकव्यासारखे प्रकार ३५ टक्के कमी झाले. निकाल २०२३ मध्ये छापून आला. माझ्या अटॅकनंतर वर्षभरानं.

आधीचा मी बाकावर बसून नव्या पोरांना सांगायचो, "अनडिटेक्टेबल झालं की विषय संपला." तेव्हा मी खोटं बोलत होतो का? शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही, हे खरंच आहे. बाकीचं मला हवं होतं म्हणून जोडलं होतं.

सेंटरवर सध्या एक बावीस वर्षांचा पोरगा येतो. परवा म्हणाला, "काका, तुम्हाला तरी अटॅक आलाच ना, मग रोज गोळी कशाला?" मी त्याला २००६ सालचा स्मार्ट अभ्यास सांगितला. त्यात सीडी फोर बघून मधे मधे गोळ्या थांबवलेल्यांत मृत्यू जास्त झाले आणि हार्टचे त्रासही, म्हणून तो प्रयोग आवरता घ्यावा लागला. त्यानं मान हलवली. मग विचारलं, "म्हणजे घेतली तरी आग, सोडली तर जास्त आग?"

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. सोमवारी तो परत येणार आहे.