बेल्टमागचे तेल

खालचे कव्हर निघाले आणि टायमिंग बेल्टची, म्हणजे क्रँकशाफ्टच्या फिरण्याशी कॅमशाफ्टचा मेळ राखणाऱ्या दातेरी रबरी पट्ट्याची, इंजिनाकडची कड तेलाने चकाकताना दिसली. पुस्तिकेत दिलेली बदलण्याची मुदत अजून संपायची होती, रबरावर चिरा नव्हत्या, दातेही शाबूत होते. पण इंजिन ऑइलने भिजलेले रबर हळूहळू फुगते, मऊ पडते आणि दाते मुळापासून सुटू लागतात, त्यामुळे मुदतीचा हिशेब तेथेच निरर्थक ठरला. सकाळी मी बेल्ट, तो ताणून ठेवणारा टेन्शनर आणि वॉटर पंप एवढेच बदलण्याच्या तयारीने कामाला बसलो होतो. आता तेलाचा उगम सापडल्याशिवाय नवा बेल्ट चढवण्यात अर्थ नव्हता.

माझ्या गाडीचे इंजिन चार सिलिंडरचे, एकाच कॅमशाफ्टचे (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि इंटरफिअरन्स प्रकारचे आहे, म्हणजे चालत्या इंजिनात बेल्ट तुटला तर उघडा राहिलेला व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. म्हणूनच बेल्टला हात लावण्यापूर्वी मी क्रँकशाफ्ट (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) पान्याने नेहमीच्या दिशेनेच फिरवून पहिला पिस्टन वरच्या टोकाला आणला, कॅमच्या चाकाची खूण सिलिंडर हेडवरच्या खुणेशी आणि क्रँकच्या दातेरी चाकाची खूण ऑइल पंपावरच्या खुणेशी जुळल्याची खात्री केली आणि दोन्ही ठिकाणी पांढऱ्या रंगाची रेघ ओढून ठेवली. क्रँकच्या टोकावरच्या बाहेरच्या पुलीवरही एक खूण असते, पण पुलीचे बाहेरचे कडे रबराच्या थरावर बसवलेले असल्याने ते वर्षांनुवर्षांच्या वापरात सरकू शकते. माझ्या मते या कामात तिच्यावर विसंबू नये.

तेल वरून खाली ओघळते, त्यामुळे जेथे ते साचते तेथूनच गळते असे समजणे ही पहिली चूक असते. सगळा भाग पुसून मी वरून खाली पाहत आलो. व्हॉल्व्ह कव्हरची गॅस्केट कोरडी होती. कॅमच्या चाकामागे ओलसरपणा होता, तर क्रँकच्या चाकामागे तेल गोलाकार भिरकावले गेल्याच्या रेषा स्पष्ट उमटल्या होत्या. दोन्ही शाफ्टभोवती तेल अडवणारे रबरी सील बदलायचे ठरले आणि नवे सील आणण्यात दुपार गेली.

बेल्ट उतरवल्यावर क्रँक पाव फेरी मागे घेतला. त्या स्थितीत चारही पिस्टन सिलिंडरच्या मध्यावर येतात आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगच्या दाबाने कॅम अचानक सरकला तरी काही आदळत नाही. मग कॅमचे चाक धरून ठेवत त्याचा बोल्ट सोडवला आणि तिकडचा सील फारसा त्रास न देता निघाला. क्रँकचा सील मात्र प्लास्टिकसारखा कडक झाला होता. तो उचकटताना शाफ्टवर ओरखडा उठला तर नवा सीलही गळतो, म्हणून मी हत्यार आत घालण्याचा मोह टाळला. सीलच्या धातूच्या कड्यात समोरासमोर दोन बारीक भोके पाडली, कीस आत जाऊ नये म्हणून ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावले, भोकांत स्क्रू आवळले आणि ते पकडीने आळीपाळीने थोडे थोडे ओढले. सील निघाल्यावर शाफ्टवरून नख फिरवले, तेव्हा जुन्या सीलच्या ओठाने, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या रबरी कडेने, घासून पाडलेली एक बारीक रेघ जाणवली. नवा सील नेमका तिथेच टेकू नये म्हणून तो जुन्यापेक्षा साधारण 1 मिलिमीटर बाहेर ठेवला. त्याच्या ओठाला स्वच्छ इंजिन ऑइल लावले, चाक शाफ्टवर अडकवणाऱ्या लोखंडी चावीच्या खाचेची धार ओठ कापू नये म्हणून शाफ्टच्या टोकावर पातळ प्लास्टिक गुंडाळले, स्प्रिंगची बाजू आत ठेवली आणि सीलच्याच बाहेरील व्यासाचा सॉकेट ठेवून हलक्या ठोक्यांनी तो चहूबाजूंनी सारखा बसवला.

पंप आणि टेन्शनर लवकर आटोपले. कॅम खुणेवर आणला, त्यानंतर क्रँक पुढे घेऊन त्याच्या खुणेवर ठेवला, बेल्ट चढवला आणि टेन्शनर मोकळा केला. स्पार्क प्लग काढूनच ठेवले होते, त्यामुळे कॉम्प्रेशनचा अडथळा नव्हता आणि कुठे धातूला धातू टेकला असता तर ते हाताला लगेच कळले असते. क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवला, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते आणि तेव्हाच दोन्ही खुणा पुन्हा एकत्र येतात. क्रँक खुणेवर आला. कॅम एक दाता मागे होता.

माझ्या इंजिनात कॅमच्या चाकाला 40 आणि क्रँकच्या चाकाला 20 दाते आहेत. एका दात्याची चूक म्हणजे कॅमचे 9 अंश, क्रँकच्या मापाने 18. एवढ्या फरकाने इंजिन कदाचित सुरू झाले असते, पण ओढ देताना अडखळले असते आणि मी दोष दुसरीकडे शोधत बसलो असतो. कारण लगेच कळले: टेन्शनरच्या विरुद्ध बाजूचा पट्टा मी पुरता ताणून घेतला नव्हता, आणि टेन्शनरने ओढ घेताच ती ढिलाई कॅमने खाल्ली. बेल्ट उतरवला, क्रँकपासून सुरुवात करून आधी ती बाजू ताठ केली आणि सगळी ढिलाई टेन्शनरकडे आणली. या वेळी चार फेऱ्यांनंतरही खुणा रेघेवर रेघ बसल्या. पुलीला नवा बोल्ट लावून तो टॉर्क रेंचने पुस्तिकेतील मापाप्रमाणे आवळला.

तरीही दोन सील एकाच वेळी का गळावेत हा प्रश्न उरला होता. उत्तर क्रँककेसची वाफ इनटेककडे नेणाऱ्या नळीत मिळाले. तिचा व्हॉल्व्ह काजळीने घट्ट चिकटला होता. पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरणाऱ्या वायूला वाट न मिळाल्याने आतला दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर ढकलले जाते. व्हॉल्व्ह नवा बसवला, नळी धुऊन कोरडी केली, आणि त्यानंतरच इंजिन सुरू केले.

महिन्याभराने खालचे कव्हर पुन्हा काढून क्रँकच्या चाकामागे बोट फिरवले. बोट कोरडे निघाले.