मरीनाच्या वाळूवर व्हीलचेअर: चेन्नई आणि महाबलीपुरम

व्हीलचेअरवरच्या माणसाला समुद्र बहुतेक वेळा गाडीच्या काचेतूनच बघावा लागतो. "तू इथेच बस, आम्ही पाच मिनिटांत पाय भिजवून येतो," असं घरचे म्हणतात आणि ती पाच मिनिटं पाऊण तासाची होतात. त्यात त्यांचा दोष नाही. कोरड्या वाळूत खुर्चीची पुढची लहान चाकं रुततात आणि मग चौघांनी उचलून नेण्याशिवाय मार्ग उरत नाही. आणि उचलून घेणं मला आवडत नाही.

म्हणूनच चेन्नईच्या मरीना बीचवर थेट समुद्राच्या दिशेने जाणारा लाकडी रॅम्प आहे, हे वाचल्यापासून तिकडे जायचं डोक्यात होतं. दादा आणि वहिनीला सुट्टी मिळाली आणि आम्ही निघालो. सोबत माझी नेहमीची घडीची, हाताने चालवायची खुर्ची. बॅटरीची खुर्ची मुद्दाम घरी ठेवली. खारं पाणी, वाळू आणि मोटर यांचं जमत नाही.

पुण्याहून आम्ही विमानाने गेलो. रेल्वेत दिव्यांगांचा डबा असतो, पण रात्रभराच्या प्रवासाला तो मला झेपत नाही, आणि एसी डब्याच्या बोळातून माझी खुर्ची जात नाही. विमानाचं तिकीट काढलंत की किमान ४८ तास आधी कंपनीला व्हीलचेअर मदतीची गरज कळवा, आणि चालता येत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. नाहीतर जिन्याशी नेऊन "दोनच पायऱ्या आहेत" असं ऐकायला मिळतं. आपली खुर्ची काउंटरवर न देता विमानाच्या दारापर्यंत न्यायची विनंती करा. गादी मात्र काढून हातात घ्या, सामानात हरवली तर बाजारात तशी लगेच मिळत नाही. चेन्नईत विमानतळालाच मेट्रोचं स्टेशन जोडलेलं आहे आणि स्टेशनांवर लिफ्ट आहेत. मरीनाला मात्र शेवटचा टप्पा टॅक्सीने केलेला बरा. महानगर परिवहनच्या बसताफ्यात २०२४पासून रॅम्प असलेल्या लो-फ्लोअर बस आल्या आहेत, पण आपल्याला हवी ती बस हव्या त्या वेळी मिळेल असं धरून चालू नये.

रॅम्प विवेकानंद इल्लमच्या बाजूला आहे. टॅक्सीवाल्याला 'रॅम्प' सांगून उपयोग नाही, 'विवेकानंद हाउस' म्हणा, किंवा जुन्या माणसाला 'आइस हाउस'. अमेरिकेहून जहाजाने येणारा बर्फ साठवायला १८४२मध्ये ती इमारत बांधली होती. १८९७मध्ये विवेकानंद तिथे राहिले, त्यावरून पुढे नाव बदललं.

२७ नोव्हेंबर २०२२ला हा रॅम्प खुला झाला. लांबी २६३ मीटर, खर्च एक कोटीच्या वर. त्याआधी काही वर्षं ३ डिसेंबरच्या दिव्यांग दिनाच्या सुमारास तात्पुरती वाट अंथरत आणि नंतर गुंडाळून नेत. वर्षातून एकदा समुद्र, असा हिशेब. कायमची वाट झाली आणि दोनच आठवड्यांत मंदोस चक्रीवादळ आलं, लाटांनी रॅम्पचं समुद्राकडचं टोक उखडलं. त्यावर तेव्हा पुष्कळ चेष्टा झाली. पण वादळाने रस्ता वाहून गेला म्हणून रस्ते करणं कुणी थांबवत नाही. रॅम्पही दुरुस्त करून पुन्हा सुरू केला.

सकाळी सहाला पोचा, हा माझा सगळ्यांत महत्त्वाचा सल्ला. पूर्वेचा किनारा असल्याने सूर्य समुद्रातून वर येतो, आणि नऊनंतर ऊन इतकं चढतं की चाकावरच्या कडीला हात लावता येत नाही. मणक्याच्या वरच्या भागाला इजा झालेल्यांना घाम नीट येत नाही, त्यांनी तर पाण्याचा फवारा आणि ओला पंचा जवळ ठेवावाच. संध्याकाळी, विशेषतः शनिवार-रविवारी, सगळं चेन्नई तिथे असतं आणि त्यातले पुष्कळ जण रॅम्पवरच. कठड्याला टेकून फोटो, मध्येच थबकलेली कुटुंबं, पळणारी पोरं. भांडावं असं कुणी वागत नाही, हात दाखवला की बाजूला होतात, पण दर दहा मीटरला हात दाखवत जाण्यात मजा नाही.

सकाळी मात्र मी एकटी गेले. म्हणजे दादा वीसेक पावलं मागे होता, पण खुर्चीला त्याने हात लावला नाही. लाकूड पकड देतं, दोन खुर्च्या आरामात शेजारून जातील एवढी रुंदी आहे. वाऱ्याने येऊन बसलेल्या वाळूचे पट्टे मध्येमध्ये लागतात, तिथे पुढची चाकं किंचित उचलून जायचं. हे जमत नसेल तर मागे एक माणूस हवा. जाताना दोन्ही बाजूंना मच्छी तळण्याच्या, शंखशिंपल्यांच्या टपऱ्या झाकून ठेवलेल्या आणि मध्ये पसरलेली ती अफाट वाळू.

ही वाळू पूर्वी एवढी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तरेला बंदराच्या भिंती समुद्रात घातल्या गेल्या. या किनाऱ्यावर वाळू दक्षिणेकडून उत्तरेला सरकते. ती भिंतीशी अडली आणि दक्षिणेला साचत गेली, तर बंदराच्या पलीकडे रोयापुरमचा किनारा समुद्राने खाल्ला. आज मरीनाची रुंदी सरासरी तीनशे मीटरच्या आसपास आहे. रॅम्प २६३ मीटरचा का, याचं उत्तर त्यात आहे.

टोकाशी पोचल्यावर लाट काही पावलांवर दिसते, ते अंतर मोसमाप्रमाणे कमीजास्त होतं. पाय भिजवायचे तर तेवढी वाळू ओलांडावी लागते. आमची पद्धत सांगते. खुर्ची उलटी फिरवायची, पाठ समुद्राकडे. मागच्याने हँडल खाली दाबून खुर्ची मोठ्या चाकांवर तोलायची आणि ओढत न्यायची. ढकललं की रुततं, ओढलं की चालतं. हवेचे टायर असतील तर थोडी हवा आधीच काढा, आणि पट्टा बांधा. गादीवर मोठी प्लास्टिकची पिशवी चढवा, कारण ओली गादी आणि वाळूचे कण यांनी कातडी सोलवटते आणि पाठीमागच्या जखमेचं निस्तरणं महिनोन्‌महिने चालतं. घोट्यापर्यंत पाणी आलं की थांबायचं. मरीनाचे अंतःप्रवाह बदनाम आहेत, तिथे समुद्रस्नानाला बंदी आहे आणि ती पाळण्यातच शहाणपण आहे.

वहिनी म्हणाली, "झालं का समाधान?" मी म्हटलं, अजून एक लाट. अशा बऱ्याच झाल्या.

परतल्यावर खुर्ची गोड्या पाण्याने धुवा. नुसती वरवर नाही, पुढच्या चाकांच्या बेअरिंगमध्ये पाणी जाऊ द्या, पुसा, मग तेलाचे दोन थेंब. मीठ राहिलं तर आठवड्याभरात चाक कुरकुरायला लागतं.

शौचालयाचं सांगायचं तर, मी हॉटेलमधूनच उरकून निघते आणि किनाऱ्यावर दोन-तीन तासांपेक्षा जास्त थांबत नाही. कॅथेटर वापरणाऱ्यांनी पूर्ण संच जवळ ठेवावा. हॉटेल ठरवताना 'व्हीलचेअर चालते का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. न्हाणीघराच्या दाराची रुंदी टेपने मोजून फोटो पाठवायला सांगा. माझ्या खुर्चीला ६५ सेंटिमीटर लागतात. हा आकडा प्रत्येकाने आपला आपला पाठ ठेवावा.

दुसरा मुक्काम महाबलीपुरम, ईस्ट कोस्ट रोडने दक्षिणेला साठेक किलोमीटर. दिवसभराची गाडी ठरवा, कारण ठिकाणं एकमेकांपासून जवळ असली तरी मधले रस्ते खुर्चीने जाण्यासारखे नाहीत. इथे प्रत्येक जागेचा स्वभाव वेगळा आहे. 'अर्जुनाची तपश्चर्या' हे अवाढव्य शिल्प रस्त्यालगत आहे, गाडीतून उतरलं की समोर. सत्तावीस-एक मीटर रुंदीच्या त्या खडकापुढे मी सगळ्यांत जास्त वेळ काढला. तपस्व्याची नक्कल करत मागच्या पायांवर उभं असलेलं मांजर आणि त्याच्या पायाशी जमलेले उंदीर शोधा, खुर्चीच्या उंचीवरून ते छान दिसतात. बाजूचा कृष्णाचा लोण्याचा गोळा, म्हणजे उतारावर अडकून बसलेला तो प्रचंड धोंडा, खालूनच बघावा. दीपगृहाच्या टेकडीवरच्या गुंफा पायऱ्यांच्या, त्या सोडून दिल्या.

आठव्या शतकातलं किनाऱ्यावरचं मंदिर मात्र जमतं. तिकीटखिडकीपासून आत बरंच लांबपर्यंत बांधीव वाट आहे आणि जोत्याजवळ जाता येतं, गाभाऱ्यापर्यंत पायऱ्या आहेत. पंचरथांचं उलट. एकाच खडकातून कोरलेले ते सातव्या शतकातले रथ अंगणातल्या वाळूत उभे आहेत. बाहेरूनही ते दिसतात, पण भीमरथाचं छत आणि नकुल-सहदेव रथाशेजारचा हत्ती जवळून बघायचा असेल तर तीच उलटं ओढण्याची युक्ती. दादाचा तिथे चांगलाच घाम निघाला. किनाऱ्याचं मंदिर आणि पंचरथ दोन्हींना एकच तिकीट चालतं, ते फेकू नका.

आता आपल्याकडचं. परत आल्यापासून मला सारखं विचारलं जातं की कोकणात असा रॅम्प कधी होणार. माझं मत थोडं वेगळं आहे. २६३ मीटरची गरज मरीनाला आहे, कोकणाला नाही. चेन्नईला भरती-ओहोटीतला फरक मीटरभराचा, म्हणून ओली टणक वाळू अरुंद आणि कोरडी वाळू भरमसाट. आपल्याकडे मुंबईला उधाणाच्या दिवसांत तो चार-साडेचार मीटर असतो, दक्षिणेला कमी होत जातो, तरी रत्नागिरीतही भरपूर. दापोलीजवळच्या कर्दे-मुरुडला ओहोटीच्या वेळी वाळू इतकी घट्ट असते की लोक त्यावर जीप पळवतात (पळवू नयेत, पण पळवतात). जिथे जीप चालते तिथे माझी खुर्ची चालतेच. अडतं ते रस्ता आणि त्या घट्ट वाळूच्या मधल्या भुसभुशीत पट्ट्यात, सुरूच्या झाडांखाली. त्यावर गुंडाळून ठेवता येणारी चटई अंथरली की काम झालं. किनारपट्टीच्या नियमांत काँक्रीटची बांधकामं अडकतात. चटई पावसाळ्यात गुंडाळून ठेवता येते.

तोवर जाणाऱ्यांनी तिथीचा हिशेब करावा. कोकणातला जुना आडाखा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला. सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान, म्हणजे संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी आणि पाणीही सगळ्यांत दूर गेलेलं. चतुर्दशीपासून द्वितीयेपर्यंतचे दिवस धरा आणि ओहोटीच्या तासभर आधी पोचा. मुंबईपासून दक्षिणेला वेळ थोडी अलीकडे येते, स्थानिक कोळ्याला विचारून घ्या.

आणि चटई मागायची कुणाकडे? महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. किनाऱ्याच्या गावात मुक्काम असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) भेटा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. त्यात 'सुविधा करावी' एवढंच मोघम लिहू नका. रस्त्याच्या कडेपासून टणक वाळूपर्यंतचं अंतर टेपने मोजा, मीटरमध्ये लिहा, सोबत ओहोटीच्या वेळचा फोटो जोडा.