हरिश्चंद्रगडावर मला विचारलेलं मूळ गाव

गडाच्या पायथ्याला, खिरेश्वरला, पहाटे आम्हा ट्रेकवाल्यांना गोल उभं केलं आणि ओळख परेड सुरू झाली. नाव, गाव, आतापर्यंत किती गड केले. मला हा प्रकार मनापासून नकोसा वाटतो. सातारा, कराड, जुन्नर अशी गावं पटापट येत गेली. मी इंदूर म्हटलं, तर लीडर म्हणाला, "ते झालं हो, पण मूळ गाव?"

आमच्या घरात मूळ गाव म्हणजे नुसता अंदाज. होळकरांच्या पदरी कुणी पूर्वज माळव्यात गेले, एवढंच आजोबा सांगायचे. वाडा नाही, सातबारा नाही. जत्रेला जायचं तर कुठल्या जत्रेला? त्यात "मी येऊन राहिले" असं बोलले की पुण्यातल्या ऑफिसात हसतात, आणि घरी हिंदी बोलता का असंही विचारतात.

ही चिडचिड तोलार खिंडीपर्यंत पुरली. पुढच्या कातळटप्प्यावर रेलिंग आहेत, पण सप्टेंबरातला ओला दगड भरवशाचा नाही. तिथे पुढची खोबणी सोडून काही सुचत नाही. मागून कराडचा मुलगा सांगत होता, "ताई, डावा पाय वर. आता वजन टाक." थोड्या वेळाने त्याचाच पाय सटकला आणि मी त्याची सॅक धरली. तिथून तो मला अगं-तुगं करायला लागला. मला ते आवडलं.

कोकणकड्याबद्दल काय लिहू? पोटावर झोपून पाहायचा आतल्या बाजूला वळलेला कडा, आणि खाली नुसता ढग. पूर्वी कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याला इथे इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्य दिसलं होतं. आम्हाला दिसले तंबू आणि ऐकू आले ब्लूटूथ स्पीकर. एका टोळक्याने शिवरायांचा जयजयकार केला तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला, खोटं का बोला. त्याच टोळक्याने वेफर्सची पाकिटं दरीत भिरकावली. यांना मूळ गाव नक्की असणार.

जेवायला देवळाजवळच्या एका झोपडीवजा हॉटेलात बसलो. भाकरी थापणाऱ्या मावशींनी विचारलं, "कुठली गं तू?" मी तयारीतच होते. "इंदूरची. मूळ गाव माहीत नाही."

"आसंल कुठंतरी," त्या म्हणाल्या, आणि तव्यावरची भाकरी उलटली. "पिठलं वाढू का?"

मला इतकं हसू आलं की ठसका लागला. मग त्याच सांगत बसल्या. त्या गडाखालच्या पाचनईच्या. शनिवार-रविवार गडावर, लेक आश्रमशाळेत, नवरा आळेफाट्याला कामावर. पाऊस सरला की त्याही नारायणगावकडे मजुरीला जातात. तिथे त्यांना कुणी गाव विचारत नाही, रोज किती घेणार तेवढंच विचारतात. हे सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मीच पुढचा घास हातात धरून बसले होते. "खा की, गार व्हतंय," म्हणून त्यांनी न विचारता आणखी अर्धी भाकरी टाकली, आणि हिशेबात तिचे पैसे धरले नाहीत.

आम्ही पाचनईच्या वाटेने उतरलो. वाट सोपी आहे, गुडघ्यांना मात्र ते पटलेलं नाही. डिसेंबरात नळीची वाट करायची असं कराडकराशी ठरलंय. बेलपाड्यातून कोकणकड्याच्या बाजूने चढते ती. आईला अजून सांगितलेलं नाही.