वहिनी, भीती नाही वाटत?

शहरातल्या वस्त्यांमध्ये मी घरोघरी प्रार्थनेला जाते असं कळलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "वहिनी, भीती नाही वाटत?" माझं उत्तर माणूस बघून बदलत आलंय. लग्नाच्या पंगतीत हसून "प्रभू आहे ना" म्हणते. माहेरी विषयच बदलते. आणि मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, माइक हातात असला तर आवाज चढवून "विश्वास आहे तिथे भीतीला जागा नाही" असंही म्हटलेलं आहे, एकदा नव्हे, कित्येकदा. ते वाक्य मी सोडलं. का सोडलं ते एकदा लिहून टाकते, म्हणजे पुढच्या लग्नात निदान जेवता येईल.

तर, वाटते.

तुम्हाला कोणती भीती म्हणायची असते ते कळतं मला. दारात आलेली दहा-बारा पोरं, वर धरलेले मोबाइल, "धर्म बदलायला किती पैसे दिले?" हा प्रश्न, मग पोलीस चौकी. हे सगळ्यांनी व्हिडिओत पाहिलंय, परत सांगत नाही. त्या भीतीचं मी काय करते तेवढं सांगते, कारण लोकांना वाटतं ही गुडघे टेकते आणि निघते. गुडघे टेकतेच. पण त्याआधी फोन चार्जिंगला लावते.

ज्या घरी प्रार्थना आहे तिथल्या कर्त्या माणसाने स्वतः बोलावलेलं असावं लागतं, आणि त्या वेळी ते माणूस घरात हजर हवं. सून बोलावते आणि सासू रागाने शेजारी जाऊन बसते, अशा घरी मी जात नाही. भांडण तिथूनच पेटतं. एकटी कधीच नाही, बरोबर मंडळीतली एक तरी बाई. दहा बाय बाराच्या खोलीत चौदा माणसं पुरे. सातला सुरू, सव्वाआठला आमेन. दार उघडं. चपला जिन्यात नकोत, दाराशी एका रांगेत हव्यात, कारण पहिली तक्रार धर्माची नसते, चपलांची असते. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा २००० सालचा नियम सगळ्यांनाच आहे, पण आम्ही माइक दिवसाही नेत नाही. पत्र्याच्या खोलीत ढोलकी आणि टाळ्या गल्लीभर ऐकू जातात. शेजारी दहावीचं पोर असेल तर ढोलकीही पिशवीतच राहते. कुणाच्या देवाबद्दल एक शब्द नाही. त्या खोलीत दानाची पिशवी फिरवायची नाही आणि धान्य, पैसा, शाळेची फी असं काही द्यायचंही नाही. मदत करायची ती मंडळीच्या पावतीपुस्तकातून, दुसऱ्या दिवशी, आणि प्रार्थनेला कधीच न येणाऱ्यालाही. आईबाप बरोबर नसतील तर शेजारची मुलं आत घ्यायची नाहीत, गाणी ऐकायला आली तरी. हा नियम मला सगळ्यात जड जातो. उंबऱ्यावर टाळ्या वाजवणाऱ्या पोराला "घरी जा बाळा" म्हणून बघा एकदा.

चौकीचं म्हणाल तर, राज्यघटनेच्या २५व्या कलमात धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन. आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसार म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे. आमची तरुण मुलं पहिला अर्धा भाग पाठ म्हणतात, दुसरा गाळतात. त्यातला 'आरोग्य' हा शब्द मीही वर्षानुवर्षं गाळत होते. त्याकडे येतेच. बायकांनी लक्षात ठेवायचं ते एवढंच: साक्षीदार म्हणून बाईला चौकीत बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायचं असतं. सूर्यास्तानंतर अटक करायची तर अपवादाचं कारण, महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते. कोऱ्या कागदावर सही करायची नाही, लिहिलेलं असेल तर वाचून दाखवा म्हणायचं. वकिलाचा नंबर चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये, कारण सगळ्यात आधी हातातून जातो तो फोन.

एवढं ऐकलं की आमच्यातलंच कुणीतरी म्हणतं, "इतकी तयारी? मग विश्वास कुठे गेला?"

याचा मला खरंच वैताग येतो. बायबलमधल्या ५६व्या स्तोत्रात दावीद म्हणतो की मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भाव ठेवीन. वाटणारच नाही असं तो म्हणत नाही, आणि तो तेव्हा पलिष्ट्यांच्या हाती सापडलेला होता. प्रेषित पौल करिंथसारख्या व्यापारी शहरात दीड वर्ष राहिला. "भिऊ नको, बोलत जा" असं त्याला रात्री दर्शनात सांगावं लागलं. जो घाबरलेलाच नाही त्याला असं कोण सांगेल? पुढे त्याच मंडळीला तो लिहितो की तुमच्याकडे आलो तेव्हा मी भीतीने कापत होतो. दिमिष्क शहरातून तर तो जीव वाचवायला पाटीत, म्हणजे टोपलीत, बसून गावकुसावरून खाली उतरला. त्या टोपलीच्या गोष्टीवर आमच्याकडे कुणी प्रवचन देत नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग असताना पंडिता रमाबाईंनीही दुष्काळातून आणलेल्या मुली शहरात ठेवायचा हट्ट धरला नाही, केडगावच्या शेतावर हलवल्या. मुक्ती मिशन पुढे तिथेच वाढलं. त्यांचा विश्वास कमी होता, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

तसंच बाप्तिस्म्याचं. अनुसूचित जातीच्या घरातलं कुणी "पाण्यात उतरायचंय" म्हणालं की मी आधी १९५०चा आदेश समजावते. अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे. ख्रिस्ती झालात की दाखला गेला, आणि दाखल्याबरोबर राखीव जागाही. घरी बोला, सहा महिने थांबा, मग या. काहीजण परत येत नाहीत. आमच्यातले एक वडीलधारे मला म्हणतात, "तू माशाला आधी गळ दाखवतेस." असेल. न दाखवता धरायची मला लाज वाटते.

इथपर्यंत मी माझी बाजू मांडली. आता जे कुणी विचारत नाही ते.

कालव्याकडेच्या एका वस्तीत एक बाई होती, चार घरी धुणीभांडी करणारी. तिला टीबी निघाला. महापालिकेच्या दवाखान्यात थुंकी तपासली, गोळ्या सुरू झाल्या. वजन ४१ किलो, म्हणून रोज तीन गोळ्या, तिन्ही एकदम. पहिले दोन महिने त्या एकेका गोळीत चार औषधं असतात: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. लघवी केशरी होते आणि ते आधी सांगितलेलं नसलं तर माणूस हादरतो. मळमळतं. पण दोन-तीन आठवड्यांत ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते, आणि टीबीत घात होतो तो इथेच. वेगाने वाढणारे जंतू आधी मरतात. सुस्त पडून राहिलेले मरायला पुढचे महिने लागतात. माणूस बरा दिसतो आणि आजार आत असतो.

चौथ्या आठवड्यात ती प्रार्थनेला आली. मी त्या संध्याकाळी भीतीवरच बोलत होते. पाण्यावर चालणारा पेत्र, वाऱ्याकडे पाहिलं आणि बुडायला लागला. "परिस्थितीकडे पाहू नका, रिपोर्टकडे पाहू नका." रिपोर्ट हा शब्द माझाच. लिहून आणलेला नव्हता, ओघात आला. समोरून आमेन यायला लागलं की असे शब्द येतात. शेवटी ती उठली, डोक्यावर पदर घेतला आणि साक्ष दिली. ताप गेला, घास जातोय, प्रभूने मला बरं केलं. खोलीत हालेलुया झालं. त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता. गोळ्या चालू आहेत ना, हे मी विचारलं नाही. विचारलं तर तिच्या साक्षीवर शंका घेतल्यासारखं होईल, असं मनात आलं होतं. म्हणजे प्रश्न सुचला होता. सुचून गिळला.

तिने गोळ्या सोडल्या. पूर्ण सोडल्या नाहीत, ते आणखी वाईट. कणकण आली की दोन दिवस घ्यायची, उतरली की पाकीट फळीवर, बायबलच्या मागे. आशाताई आल्या की पाकिटातल्या रिकाम्या खाचा दाखवायची. गोळ्या आधीच काढून डब्यात टाकलेल्या असायच्या. आमच्याशी ती खोटं बोलली नाही, कारण आम्ही विचारलंच नाही. अर्धवट औषधाने काय होतं ते आता मला पाठ आहे: ज्या जंतूंवर औषध चालत नाही तेवढेच मागे उरतात आणि तेच वाढतात. चार महिन्यांनी खोकल्यातून रक्त पडलं. पुन्हा तपासणी. पहिल्या वेळी रिफाम्पिसिन लागू होतं, या वेळी नव्हतं.

दवाखान्यात मी तिच्याशेजारी बाकावर बसले होते. तिच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत एक्स-रे होता. पिशवीची गाठ ती सोडायची, पुन्हा बांधायची. मग खालीच बघत म्हणाली, "वहिनी, माझा विश्वास कमी पडला का?"

मी लगेच बोलले नाही. 'हो' म्हटलं असतं तर माझं ते माइकवरचं वाक्य शाबूत राहिलं असतं, आणि ते मला त्या क्षणी स्पष्ट दिसत होतं. शेवटी म्हटलं, "नाही गं. चुकलं ते माझं." तिला पटलं नाही. चूक स्वतःची आहे असंच तिला धरून ठेवायचं होतं. प्रार्थना करणारीच चुकते म्हटल्यावर तिने कुणाचा हात धरायचा?

डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, औषध मधेमधे सोडल्यामुळेच का हो? म्हणाल्या, बहुतेक तेच. कधी दुसऱ्याकडून नव्याने लागण होते, असंही असतं. त्या 'असंही असतं'ला मी बरेच महिने धरून होते.

नवीन औषधं जास्त दिवसांची आणि जास्त त्रासाची होती. पायाला मुंग्या, कातडी काळवंडलेली. चारपैकी दोन घरची कामं सुटली. ती वाचली. आता दुसऱ्या मंडळीत जाते. तिथे चंगाईच्या, म्हणजे आजार बरे होण्यासाठीच्या, प्रार्थना आमच्यापेक्षा जोरात होतात.

तेव्हापासून आजाराची साक्ष द्यायला कुणी उभं राहिलं की मी सगळ्यांसमोर विचारते: गोळ्या चालू आहेत का, पुढची तारीख कधी आहे, बंद करा असं डॉक्टरांनी सांगितलं का. साक्षीचा रंग उतरतो, हे खरं आहे. मधुमेह, कॅन्सर, फीट बऱ्या होतील असं छापलेलं सभेचं पत्रक मी वाटायला घेत नाही. तशा जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे, पण मी कायद्याच्या धाकाने थांबले असं म्हटलं तर ते खोटं होईल. "आत्म्याला विझवू नका" हे वचन मला दोन-तीनदा तोंडावर ऐकवलं गेलंय.

आणि जुनी मी, ती माइकवाली, अजून भांडते. म्हणते, दारात पोरं असताना आत बसून राहिलीस ती याच वाक्याच्या जोरावर. आता प्रत्येक प्रार्थनेला डॉक्टरची चिठ्ठी मागतेस, मग प्रभूकडे नेमकं काय मागतेस? तिला द्यायला माझ्याकडे धड उत्तर नाही. प्रभू बरं करतो हे मी आजही मानते, हात ठेवून प्रार्थनाही करते. पण हात ठेवताना माझी नजर फळीवर जाते, बायबलच्या मागे काही आहे का बघायला. याला विश्वास म्हणायचं की भीती, तुम्हीच ठरवा.

मंगळवारी एका नव्या घरी बोलावणं आहे. मुलीला फीट येतात. आईने फोनवर आधीच विचारलं, "तुम्ही हात ठेवून प्रार्थना केलीत की गोळ्या थांबवल्या तर चालतील ना?" फीटच्या गोळ्या एकदम तोडल्या तर एकामागून एक झटके येतात, कधी थांबतही नाहीत. मी म्हटलं, "सातला येते. गोळ्यांचा डबा बाहेर काढून ठेवा, मी आल्यावर तिला माझ्यासमोर द्या." पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग म्हणाली, "बरं. जय ख्रिस्त, वहिनी."