लाल कांदा थांबत नाही

पिंपळगाव बसवंतजवळ एका कांदा निर्यातदाराच्या खळ्यावर, म्हणजे कांदा निवडून गोण्यांत भरायच्या आवारात, मी हिशेब बघतो. ८ डिसेंबर २०२३, शुक्रवार. उजाडता उजाडता शेठचा फोन आला, "गाड्या थांबव. निर्यातबंदी लागली."

अधिसूचनेवर आदल्या दिवशीची तारीख, अंमल लगेच, मुदत ३१ मार्चपर्यंत. कस्टमच्या ताब्यात आधीच गेलेला माल तेवढा जाणार होता. आमचे दोन कंटेनर त्यात बसले. तिसरा कसाऱ्याहून मागे फिरवला. खळ्यावर जाळीच्या गोण्यांची थप्पी तशीच उभी, निवडणाऱ्या बाया पत्तीच्या, म्हणजे सुक्या सालीच्या, ढिगाशेजारी हात बांधून बसलेल्या. त्यांची हजेरी मी मांडली, कारण त्यांचा काय दोष?

बाजारात लिलाव बंद पडले, चांदवडला शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला. दुपारी निफाडकडचे एक काका भरलेली ट्रॉली घेऊन थेट दारात. "भाऊ, द्यायचा तो भाव द्या, पण खाली करून घ्या." नोव्हेंबरअखेरच्या गारपिटीतून वाचलेला माल होता तो. त्यांनी एक कांदा उचलून त्याची मान अंगठ्याने दाबली. नरम लागत होती. उन्हाळ कांदा चाळीत महिनोन्महिने राहतो, हिवाळ्यात निघणाऱ्या लाल कांद्याला तेवढा दम नसतो. दोन दिवसांपूर्वी साडेतीन हजारांच्या वर गेलेला क्विंटल आज कितीला घ्यायचा, हे मला सांगता येईना.

ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत, म्हणजे त्याखाली माल बाहेर विकायचा नाही, डिसेंबरात बंदी. चार महिन्यांत तीनदा नियम बदलले. अशाने परदेशातलं गिऱ्हाईक टिकेल कसं? मलेशियाच्या आमच्या जुन्या व्यापाऱ्याने त्याच आठवड्यात दुसरीकडून माल उचलला. इकडे सरकार जनतेच्या पैशांतून लाखो टन कांदा खरेदी करून शहरात २५ रुपये किलोने विकत होतं. एका हाताने भाव पाडायचा, दुसऱ्या हाताने त्यावर खर्च करायचा! शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी चाकणच्या कांदा आंदोलनापासून हेच सांगितलं होतं: अनुदान नको, बाजारातला हात तेवढा काढा. मला ते तेव्हा भाषण वाटायचं. त्या दिवशी ट्रॉलीच्या फाळक्याशी उभं राहून पटलं.

शेठला विचारून मी काकांचा माल उधारीवर उतरवून घेतला, भाव लिलाव सुरू झाल्यावर ठरवायचा म्हणून. काटापट्टीवर वजन लिहिलं, दराची जागा कोरी सोडली. काकांनी ती पट्टी घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली.

मार्चनंतरही चालू राहिलेली बंदी ४ मे २०२४ ला उठली, तीही टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवून. काकांचा दर मी जानेवारीतच भरला होता. बंदीआधीच्या भावाच्या निम्म्याहून कमी.