प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय म्हणे

ऑफिसात शेअर्ड प्रिंटर बंद पडला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, बाकीच्यांचं निघतंय का? सगळ्यांचंच अडलं असेल तर दोष प्रिंटरमध्ये, नेटवर्कमध्ये किंवा ज्या पीसीवरून तो शेअर केलाय त्या पीसीत, आणि एकट्याचंच अडलं असेल तर त्याच्याच मशीनमध्ये काहीतरी आहे. एवढं विचारायचं सोडून लोक सरळ ड्रायव्हर (पीसीला प्रिंटरशी बोलायला लागणारं सॉफ्टवेअर) उडवून परत टाकतात, मग एकाच प्रिंटरच्या तीन-तीन कॉप्या यादीत दिसायला लागतात आणि खरी कुठली ते कुणालाच माहीत नसतं.

आता ते "ऑफलाइन". प्रिंटर समोर दिवा लावून बसलाय, स्वतःच्या पॅनलवरून टेस्ट पेज पण देतोय, तरी विंडोज म्हणतं ऑफलाइन. गंमत अशी आहे की प्रिंट जाते सहसा ९१०० पोर्टवरून, पण प्रिंटर जागा आहे का ही चौकशी विंडोज वेगळीच करतं, एसएनएमपीवरून (नेटवर्कवरच्या यंत्रांची हालहवाल विचारायची पद्धत), आणि तिथून उत्तर आलं नाही की परस्पर ऑफलाइनचा शिक्का मारून मोकळं. प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, कॉन्फिगर पोर्ट असं जाऊन एसएनएमपी स्टेटसची टिक काढून टाका, कितीतरी वेळा तेवढ्यानेच भागतं.

नाही भागलं तर आयपी, म्हणजे प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता, बघायचा. लाइट गेली, राउटर रीस्टार्ट झाला आणि डीएचसीपीने (पत्ते आपोआप वाटणारी सोय, बहुतेक राउटरमध्येच असते) प्रिंटरला नवा पत्ता दिला, पण सगळे पीसी जुन्याच पत्त्यावर हाका मारतायत, हे तर नेहमीचंच. प्रिंटरच्या पॅनलवरून कॉन्फिगरेशन पेज काढा आणि त्यावरचा आयपी पोर्ट्स टॅबमधल्या आयपीशी ताडून बघा. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता छापून आला तर प्रिंटरला डीएचसीपीकडून काही मिळालेलंच नाही, मग केबल, स्विच तपासा, ड्रायव्हरच्या वाटेला जाऊच नका. कायमचा उपाय म्हणजे राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅक ॲड्रेसवर (त्याच्या नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) आयपी रिझर्व्ह करून ठेवणं. प्रिंटरवर जाऊन हाताने आयपी टाकण्यापेक्षा मला हेच बरं वाटतं, सगळे पत्ते एका जागी दिसतात. आणि विंडोज आपणहून जो डब्ल्यूएसडी पोर्ट (प्रिंटर आपोआप शोधून जोडायची पद्धत) लावून ठेवतं त्यावर माझा काडीचा विश्वास नाही, स्टँडर्ड टीसीपी आयपी पोर्ट लावा.

जॉब अडकला, डिलीट केला तर नुसतंच "डिलीटिंग" लिहून येतं आणि जात काही नाही, तेव्हा स्पूलर, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारी विंडोजची सर्व्हिस, साफ करायचा. सर्व्हिसेसमध्ये प्रिंट स्पूलर स्टॉप करा, विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या एसपीएल आणि एसएचडी फाइल्स उडवा (फोल्डर नाही हां, फक्त आतल्या फाइल्स) आणि सर्व्हिस परत चालू करा. शेअर्ड असेल तर हेच होस्ट पीसीवर (ज्यावरून प्रिंटर शेअर केलाय त्यावर) पण करावं लागतं, पण तिथे सगळ्यांचेच जॉब जातात, म्हणून आधी एकदा ओरडून सांगा, नाहीतर शिव्या खाल.

पानामागून पान येतंय, प्रत्येकावर एखादी ओळ, चित्रविचित्र चिन्हं आणि कुठेतरी पीजेएल (प्रिंटरसाठीचे हुकूम) लिहिलेलं, म्हणजे ड्रायव्हर एक भाषा बोलतोय आणि प्रिंटरला दुसरीच कळते, बहुतेक पोस्टस्क्रिप्ट आणि पीसीएल या दोन प्रिंटर-भाषांचा घोळ. आधी ट्रे ओढा, कागद वाचवा, मग जॉब कॅन्सल करून बरोबर मॉडेलचा ड्रायव्हर टाका. आणि दिवा नुसताच लुकलुकत असेल तर डॉक्युमेंटचा पेपर साइज लेटर (अमेरिकन मापाचा कागद) आहे का बघा, ट्रेमध्ये ए४ आणि प्रिंटर बसलाय लेटरची वाट बघत.

सगळ्यात डोकं खातो तो यूएसबीने एका पीसीला लावून शेअर केलेला प्रिंटर. २०२१ मध्ये प्रिंटनाइटमेअर नावाचं सुरक्षेचं भोक स्पूलरमध्ये सापडलं, त्यानंतर मायक्रोसॉफ्टने एकेक स्क्रू आवळत नेला, नेटवर्कवरून ड्रायव्हर टाकायला ॲडमिन लागायला लागला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटनंतर शेअर्ड प्रिंटर जोडताना येणारा, कोडच्या शेवटी ११बी असलेला एरर घरोघरी पोचला. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जचा साठा) एक व्हॅल्यू शून्य केली की तो जातो असं सगळीकडे सांगतात, जातोही, पण त्याने सुरक्षाच काढून टाकली जाते, मी तरी ते करत नाही. आधी होस्ट आणि क्लायंट (जिथून प्रिंट द्यायची तो पीसी) दोन्ही मशीन अपडेट करा, नाहीच झालं तर क्लायंटवर ॲडमिन लॉगिनने ड्रायव्हर टाकून लोकल पोर्ट बनवा आणि त्यात होस्टचं नाव आणि शेअरचं नाव द्या, बऱ्याचदा चालतं. विंडोज ११ च्या २४एच२ या अपडेटपासून प्रो व्हर्जनमध्ये गेस्ट लॉगिन पण बंद असतं, म्हणजे बिनपासवर्डचं शेअरिंग अडकणारच, तिथे होस्टवर एक साधं युजर अकाउंट काढून ते क्लायंटच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोजची पासवर्ड साठवायची जागा) भरून ठेवायचं. नेटवर्क पब्लिकवर गेलंय का तेही बघा, प्रायव्हेट पाहिजे.

पण खरं सांगू का, प्रिंटरच्या मागे लॅनचं भोक असेल तर हा यूएसबीचा उपद्व्याप करायचाच कशाला, केबल सरळ स्विचला लावा आणि प्रत्येक पीसीवरून थेट आयपीने जोडा. लॅन नसलेलाच प्रिंटर गळ्यात पडला असेल तर निदान होस्ट पीसीचं स्लीप बंद करा आणि संध्याकाळी सगळ्यात शेवटी घरी जाणाऱ्याचाच पीसी होस्ट करा.